शरीरातील ऊन आणि सावली

‘यांग’ हा शब्द चिनी भाषेत आरंभी वैद्यकातला नव्हताच. डोंगराच्या ज्या उतारावर ऊन पडते तो उतार यांग आणि ज्यावर सावली राहते तो यिन, एवढाच त्या दोन शब्दांचा मूळ अर्थ. सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून डोंगराची दक्षिण बाजू उन्हाची. आणि नदीचा उत्तर काठ दक्षिणेकडे तोंड करून असतो, म्हणून तो काठही उन्हाचाच. लो नदीच्या उत्तरेला वसलेल्या प्राचीन राजधानीला चिनी लोकांनी लोयांग म्हटले ते याच हिशेबाने. हाच न्याय नर्मदेला लावला, तर ग्वारीघाटाच्या पायऱ्या ज्या काठावर आहेत तो आपल्या जबलपूरचा काठ यांग ठरतो, आणि पलीकडे ज्या काठावर गुरुद्वारा आहे तो यिन. पौष महिन्यात पहाटे स्नानाला जाणाऱ्या माणसाला हा भेद शब्दकोश न उघडताही कळतो. पाण्यावर धुके असते, पायाखालचा दगड बर्फासारखा असतो, आणि घाटावरील माणसे जिथे पहिली तिरीप पडेल ती जागा धरून उभी राहतात.

ही साधी, शेतकऱ्याला आणि नावाड्याला समजणारी कल्पना चिनी वैद्यांनी शरीरात आणली. शरीरातही ऊन आहे आणि सावली आहे. उष्णता, हालचाल, पचन, उत्साह हे उन्हाचे काम. ओलावा, पोषण, विश्रांती, साठवण हे सावलीचे. दोघांपैकी एकाला चांगले आणि दुसऱ्याला वाईट म्हणण्याचा प्रश्नच नाही. आपल्या देवघरातील समईचा दाखला घ्या. तेल म्हणजे यिन आणि ज्योत म्हणजे यांग. तेल आटले तर ज्योत फडफडते, काजळी धरते, क्षणभर मोठीही होते. ज्योत मंदावली तर तेल असूनही खोलीत उजेड पडत नाही. या दुसऱ्या अवस्थेला चिनी वैद्य ‘यांगची न्यूनता’ म्हणतात. ही अवस्था ते ओळखतात कशी, त्यांच्या त्या ओळखण्याचा आपल्याला काय उपयोग, आणि त्या उपयोगाची मर्यादा कोणती, या तीन प्रश्नांचा विचार आज करावयाचा आहे.

चिनी वैद्यकाचा विषय मराठी माणसाने का काढावा, अशी शंका कोणाच्या मनात आली तर तिचे उत्तर इतिहासात आहे. १९३८ साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या साहाय्यासाठी राष्ट्रीय सभेने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. मदन अटल हे त्याचे प्रमुख. त्यांच्या समवेत सोलापूरचे द्वारकानाथ शांताराम कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते, आणि बंगालचे विजयकुमार बसू व देवेश मुखर्जी होते. कोटणीस परत आले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, उत्तर चीनमधील युद्धक्षेत्रातच त्यांचा अंत झाला. शांतारामबापूंच्या १९४६ सालच्या चित्रपटामुळे त्यांचे नाव घरोघरी पोचले. बसूंचे नाव मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. ते १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, तेथील सूचिचिकित्सा शिकले, आणि कलकत्त्यात त्यांनी ती सुरू केली. पाश्चात्त्य वैद्यकात मुरलेला एक भारतीय डॉक्टर चिनी वैद्याजवळ शिष्य म्हणून बसला, ही गोष्ट लहान नाही.

ते पथक धाडण्यात तत्कालीन राष्ट्रसभाध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांचा पुढाकार होता. पथक चीनच्या अंतर्भागात काम करू लागले न लागले तोच, मार्च १९३९ मध्ये, आपल्या जबलपुराजवळ त्रिपुरीला काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्या अधिवेशनाला सुभाषबाबू तापाने फणफणलेल्या स्थितीत, डोलीवजा खाटेवरून आणले गेले. विलक्षण गोष्ट अशी की त्यांच्या दुखण्याबद्दलच कुजबूज झाली. हा ताप राजकीय असावा असेही बोलले गेले. पुढे त्यांनी आपल्या या विचित्र आजारावर एक लेखच लिहिला. ही आठवण मी मुद्दाम काढली आहे. ज्याच्या अंगाचा ताप थर्मामीटरवर दिसत होता, त्याच्या आजारावरही जर लोकांनी शंका घेतली, तर ज्याचे दुखणे उलट दिशेचे आहे, ज्याचे अंग तापत नाही, केवळ थंड आणि जड होत जाते, त्याची दखल कोण घेणार? तापाला पारा साक्ष देतो. पण ऊब हळूहळू ओसरत जाण्याला साक्षीदार सहसा मिळत नाही. चिनी वैद्यांनी तो साक्षीदार शोधण्याचा प्रयत्न केला, यातच त्यांच्या निदानशास्त्राचे महत्त्व आहे.

चिनी वैद्याची परीक्षा चार अंगांची असते: पाहणे, ऐकणे व वास घेणे, विचारणे, आणि स्पर्श करून नाडी पाहणे. आपल्याकडील दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही त्रिविध परीक्षा, किंवा योगरत्नाकरातील नाडी, मूत्र, मल, जिव्हा आदी अष्टस्थानांची परीक्षा ज्यांना परिचित आहे त्यांना यात काही परके वाटणार नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांतील प्रख्यात वैद्य चांग च्येपिन यांनी रोग्याला विचारावयाचे दहा प्रश्न सांगितले आहेत. त्यांतला पहिलाच प्रश्न थंडी आणि उष्णता यांविषयीचा आहे. थंडी वाजते का, केव्हा वाजते, पांघरूण घेतल्यावर जाते का, हे आधी, बाकीचे नंतर.

यांग न्यून झालेल्या माणसाचे चित्र ते असे रेखाटतात. त्याला इतरांपेक्षा अधिक थंडी वाजते आणि हातपाय गार असतात. ही थंडी पांघरुणाने, शेकाने, गरम पेयाने कमी होते. ऊब मिळाली की त्याला बरे वाटते. चेहरा फिकट असतो, पुष्कळदा किंचित सुजट आणि पांढुरका. आवाज हलका, बोलणे थोडे, हालचाल मंद. तहान फारशी लागत नाही, आणि लागलीच तर पाणी कोमट हवे असते. लघवी पुष्कळ आणि स्वच्छ पाण्यासारखी होते, रात्री त्यासाठी उठावे लागते. शौच पातळ होतो, कधी त्यात न पचलेले अन्न दिसते. श्रमावाचूनही घाम येतो. झोप पुष्कळ लागते, तरी सकाळी उठताना ताजेपणा नसतो. जीभ बाहेर काढावयास सांगितली तर ती फिकी, फुगीर आणि ओली दिसते, तिच्या कडांवर दातांचे ठसे उमटलेले असतात आणि वर पांढरा, ओलसर थर असतो. नाडी खोल, मंद आणि दुबळी लागते.

यांपैकी एखादे लक्षण कोणामध्येही सापडेल. जानेवारीत कोणाचे हात गार नसतात? म्हणून चिनी वैद्य एकट्या लक्षणावर विसंबत नाहीत. लक्षणांचा मेळ पाहतात. थकवा आहे, श्वास अपुरा पडतो, आवाज क्षीण आहे, परंतु थंडी विशेष वाजत नाही, तर ते यांग न्यून झाले असे म्हणत नाहीत. ती ‘ची’ची, म्हणजे प्राणशक्तीची न्यूनता होय, तिच्यात गारठ्याची भर पडली म्हणजे मग यांगचा विचार येतो. उलट तळहात-तळपाय जळजळतात, दुपारनंतर अंग कढत वाटते, रात्री झोपेत घाम फुटतो, जीभ लाल व कोरडी आहे, तर तेल आटले आहे. ती यिनची न्यूनता. आणि काल भिजल्याने आज हुडहुडी भरली, पोटात जोराची कळ आली, नाडी ताणलेल्या दोरीसारखी लागली, तर आतली ऊब कमी झालेली नसून बाहेरची थंडी आत शिरली आहे. शेवटच्या दोहोंतील भेद फार उपयोगी आहे. घर गार पडण्याची कारणे दोन असू शकतात: खिडकी उघडी राहिली असेल, नाहीतर चूल विझली असेल. खिडकी लावल्याने चूल पेटत नाही.

चूल कोठे मंदावली आहे, याचाही ते शोध घेतात. चिनी वैद्यकात इंद्रियांची नावे ही केवळ मांसपिंडांची नावे नसून कार्यसमूहांची नावे आहेत, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे. पोट फुगते, थंड खाल्ले की दुखते, दाबल्याने आणि शेकल्याने बरे वाटते, तर प्लीहेचा यांग न्यून. छातीत धडधड होते, कोंडल्यासारखे वाटते, ओठांवर निळसर झाक येते, तर हृदयाचा. कंबर आणि गुडघे गार पडून ठणकतात, घोट्यांवर सूज येते, दांपत्यसुखाची इच्छा मावळते, आणि नेमके पहाटे पोट दुखून पळावे लागते, तर वृक्कांचा. रात्रीच्या पाच प्रहरांपैकी शेवटच्या प्रहरी होणारा हा विकार असल्यामुळे त्याला त्यांनी ‘पाचव्या प्रहराचा अतिसार’ म्हटले आहे. कोंबडा आरवण्याच्या वेळचा अतिसार असेही त्याचे एक नाव आहे. प्लीहा हे अन्न शिजविण्याचे भांडे आणि वृक्कांतला यांग हा त्या भांड्याखालचा जाळ, ही त्यांची उपमा आपल्याकडील जाठराग्नीच्या कल्पनेला किती जवळची आहे ते सांगावयास नको.

सर्वांत अवघड जागा मात्र वेगळीच आहे. कधी कधी यांग इतका क्षीण होतो की उरलीसुरली उष्णता पृष्ठभागावर येते. गाल लाल दिसतात, रोगी पांघरूण दूर सारतो, आणि नवख्याला वाटते की हा तापाचा रोगी आहे. परंतु त्याला पाणी दिले तर ते गरम हवे असते, पाय गार असतात, नाडी दाबली तर आत काही नसते. खरी थंडी आणि खोटी उष्णता, असे या अवस्थेचे वर्णन ते करतात. विझण्यापूर्वी दिवा मोठा होतो हे आपण म्हणीसारखे बोलतो. त्यांनी त्याला निदानात स्थान दिले.

आता आपल्या घराकडे वळू. यांगचे नाव ऐकले नसेल अशा प्रत्येक मराठी घरात यांगची जोपासना चालते. वातूळ आणि कफकर पदार्थ कोणते, उष्ण कोणते, थंड कोणते, याचे ज्ञान आजीजवळून नातीकडे बोलता बोलता जाते. संक्रांतीला तीळ आणि गूळ, बाजरीची भाकरी आणि लोणी, हिवाळ्यात डिंकाचे आणि मेथीचे लाडू, हे सारे ऋतूच्या थंडीला दिलेले उत्तर आहे. बाळंतिणीची व्यवस्था तर पाहण्यासारखी. तिला शेक, ओव्याची धुरी, अळिवाची खीर, बाळंतशेपा, डोक्याला बांधलेला रुमाल, आणि सव्वा महिना गार पाण्याला स्पर्श नको. चीनमध्येही बाळंतीण महिनाभर अशीच जपली जाते. तिला आल्याचे गरम पदार्थ देतात, वारा लागू देत नाहीत, थंड पाणी वर्ज्य असते. दोन संस्कृतींनी एकमेकींना न विचारता एकच काळजी घेतली. बाळंतपणात स्त्रीचे रक्त जाते, शक्ती जाते, आणि तिला विश्रांतीची निकड असते, हे दोघींनी पाहिले होते. धुरी आणि शेगडी यांच्याविषयी मतभेद होऊ शकेल. पण कामाच्या रगाड्यातून तिला सव्वा महिना सोडविणाऱ्या रूढीविषयी होऊ नये.

येथपर्यंत सारे गोड आहे. परंतु व्याख्यानाचा खरा प्रश्न यापुढचा आहे. चिनी वैद्याने ओळखलेले हे चित्र आजच्या डॉक्टरसमोर ठेवले तर तो काय म्हणेल? तो ते चित्र खोटे म्हणणार नाही. पण त्या एका चित्रामागे त्याला अनेक वेगवेगळे रोग दिसतील.

पहिला म्हणजे गळ्यातील अवटु ग्रंथीची, थायरॉइडची, मंदता. थंडी सोसवत नाही, चेहरा सुजट, आवाज घोगरा, नाडी मंद, हालचाल सावकाश, त्वचा कोरडी, वजन वाढते, बुद्धीवर धुके आल्यासारखे वाटते. लंडनच्या विल्यम गल यांनी १८७३ साली मध्यम वयाच्या स्त्रियांमधील या अवस्थेचे वर्णन केले. १८९१ साली जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून अशाच एका स्त्रीवर उपचार केला, आणि ती त्यानंतर अठ्ठावीस वर्षे जगली. आज तेच काम एक लहानशी गोळी करते. यांगच्या चित्राशी हिचे साम्य पुष्कळ आहे, तथापि ते पूर्ण नाही. या रोगात शौच बहुधा पातळ न होता अवरोध होतो. म्हणजे दोन चित्रे एकमेकांवर ठेवली तर कडा जुळत नाहीत. याच ग्रंथीला लागणारे आयोडीन अन्नातून मिळावे म्हणून आपल्या देशात १९६२ साली गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि स्वयंपाकघरातील मिठाच्या पुडीवर आयोडीनचे नाव आले.

दुसरा रोग रक्तक्षयाचा. फिकटपणा, धाप, गार हातपाय, थकवा. आपल्या भागात त्याची एक विशेष जात आहे, ती म्हणजे सिकलसेलची. महाकोशलातील आणि विदर्भातील अनेक कुटुंबांत, विशेषतः आदिवासी समाजात, हा विकार पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. आपल्याच जबलपुरात १९८४ पासून असलेली जनजातींच्या आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था या प्रश्नावर काम करीत आली आहे, आणि या विकाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी शेजारच्या शहडोलहूनच सुरू झाली. या रोग्याला थंडी खरोखरच बाधते. गार पाण्यात शिरल्याने, हवा एकाएकी गारठल्याने त्याच्या हाडांत वेदनेचा डोंब उसळू शकतो. त्याला ऊब हवी, पाणी पुष्कळ हवे. परंतु ऊब हा त्याचा उपचार नव्हे. त्याचे रक्त तपासले पाहिजे आणि त्याच्या भावंडांचेही तपासले पाहिजे.

तिसरा गट हृदयाचा आणि वृक्कांचा. घोट्यांवर सूज, रात्री लघवीला उठणे, चालताना धाप. मधुमेहातही रात्री वारंवार उठावे लागते, आणि त्याच मधुमेहामुळे पायांची संवेदना बोथट होते. चौथा गट मनाचा. उदासीनतेच्या विकाराने ग्रासलेला माणूसही मंद बोलतो, पुष्कळ झोपतो, काहीच नकोसे म्हणतो.

मी प्रशासनात काम करणारा मनुष्य असल्याने या प्रश्नाची एक बाजू मला रोग्याच्या खाटेवर न दिसता फायलींत दिसली. एका कचेरीतील लेखाशाखेत काम करणाऱ्या एका बाईंच्या गोपनीय अहवालात ‘कामात शिथिल, उत्साहाचा अभाव’ असा शेरा पडला होता. त्याविरुद्ध त्यांनी केलेले निवेदन माझ्या टेबलावर आले. त्या शाखेत पंख्याच्या बटणावरून रोज वाद होई. मार्च महिन्यातही त्या शाल पांघरून बसत आणि पंखा बंद करीत. शेजारचे सहकारी तो पुन्हा लावीत. बाईंचा आवाज जड झाला होता, चेहरा सुजला होता, जमाखर्चाच्या रकाना-बेरजा पूर्वी त्या तोंडी करीत त्या आता दोनदोनदा कराव्या लागत. शरीरात थंडी बसली आहे, असे कोणीतरी सांगितल्यावरून दोन वर्षे त्या सुंठेचा काढा घेत होत्या. काढ्याने घटकाभर बरे वाटे. अखेर एका डॉक्टरने रक्त तपासले आणि ग्रंथीची मंदता आढळली. सकाळी उपाशीपोटी घ्यावयाच्या गोळीने काही महिन्यांत बाई पूर्ववत झाल्या. निवेदनासोबत डॉक्टरचा दाखला होता, तपासणीचे आकडे होते, आणि त्यांच्या पूर्वीच्या पंधरा वर्षांचे निष्कलंक अहवाल होते. शेरा काढून टाकण्यात आला. पण ती दोन वर्षे कोणत्याही आदेशाने परत मिळण्यासारखी नव्हती.

या प्रकरणातला विरोधाभास पाहा. ज्याने त्यांना ‘थंडी बसली आहे’ असे सांगितले त्याने, चिनी वैद्याच्या परिभाषेत बोलावयाचे तर, लक्षण बरोबर ओळखले होते. ज्या वरिष्ठांनी ‘शिथिल’ असे लिहिले त्यांनीही जे दिसले तेच लिहिले होते. दोघांनीही पाहिले, फक्त दोघेही पहिल्या पायरीवर थांबले. एकाने त्या मंदपणाला काढ्याचा विषय केले आणि दुसऱ्याने चारित्र्याचा. लक्षणाला नाव देणे ही निदानाची सुरुवात असते, शेवट नसतो, हे दोघांच्याही ध्यानात राहिले नाही. आळस हा शब्द आपण फार स्वस्त केला आहे. शाळेतील मास्तर, घरातील सासू, कचेरीतील साहेब, सर्वांच्या जिभेवर तो तयार असतो. जो माणूस कालपर्यंत चपळ होता तो आज मंद का झाला, एवढा एक प्रश्न त्या शब्दाच्या आधी विचारण्याची सवय लागली तर कित्येकांचे दुखणे वेळेवर उघडकीस येईल.

उपचारांविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण येथे चूक जिवावर बेतते. इसवी सनाच्या २०० च्या सुमारास चांग चुंगचिंग या वैद्याने थंडीने होणाऱ्या विकारांवर ग्रंथ लिहिला. हातपाय गार पडून नाडी बुडू लागलेल्या रोग्यासाठी त्यात एक प्रसिद्ध काढा सांगितला आहे. त्यात तीनच द्रव्ये आहेत: सुंठ, ज्येष्ठमधाची एक जात, आणि बचनागाच्या कुळातील एक मूळ. पहिली दोन आपल्या फडताळात असतात. तिसरे विष आहे. चिनी वैद्य ते मूळ प्रक्रिया करून आणि दीर्घ काळ उकळून वापरतात, कारण उकळण्याने त्यातील विष पुष्कळ अंशी मोडते. आपल्याकडेही वत्सनाभाचे शोधन गोमूत्रात किंवा दुधात करण्याची शास्त्राज्ञा आहे, आणि औषधांविषयीच्या कायद्याच्या नियमांत विषारी द्रव्यांच्या सूचीत त्याचे नाव आहे. शोधन कमी पडले तर ओठ व जीभ बधिर होतात, हृदयाचे ठोके बिघडतात, आणि मृत्यू ओढवतो. म्हणून ‘ऊब वाढविणारी जडी’ या नावाने मेळ्यात अगर रस्त्यावर मिळणारी कोणतीही मुळी तोंडात घालू नये.

दुसरा उपचार शेकाचा. चिनी वैद्य एका वनस्पतीच्या वाळलेल्या पानांचा कापूस करून तो त्वचेजवळ जाळतात आणि नेमक्या स्थानी ऊब देतात. ही वनस्पती आपल्या दवण्याची सख्खी बहीण आहे. जोतिबाला जो दवणा वाहतात त्याच्याच कुळातली. शेक सुखकर असतो यात शंका नाही. परंतु ज्याच्या पायांची संवेदना मधुमेहाने गेली आहे त्याला भाजल्याचे कळत नाही, आणि फोडाची जखम होऊन पाय गमावण्याची वेळ येते. त्याने गरम पाण्याची पिशवीही दुसऱ्याच्या हाताने पारखून घ्यावी. आणि आपल्याकडे हिवाळ्यात दारे-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपण्याची जी रीत आहे ती तर सर्वथा सोडली पाहिजे. त्या कोळशातून निघणाऱ्या वायूला वास नसतो, रंग नसतो. झोपलेला मनुष्य झोपेतच जातो. थंडीवर केलेला उपाय थंडीपेक्षा घातक ठरू नये.

मग या जुन्या ज्ञानाचे मोल काय समजावयाचे? मला वाटते, दवण्याच्या त्याच कुळाने याचे उत्तर दिले आहे. चौथ्या शतकातील एका चिनी ग्रंथात हिवतापावर त्या कुळातील एक वनस्पती पाण्यात भिजवून तिचा रस घ्यावा असे सांगितले होते. विसाव्या शतकात थू योयो या चिनी विदुषीने ते वाचले. उष्णतेने त्यातील गुण नाहीसा होत असावा असे तिने ताडले, कमी उष्णतेवर अर्क काढला, आणि हिवतापावरील एक प्रभावी औषध जगाला मिळाले. २०१५ साली तिला नोबेल पारितोषिक लाभले. तिने जुना ग्रंथ डोळे मिटून मानला नाही, आणि डोळे मिटून फेकलाही नाही; तिने तो तपासला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या रोगांच्या वर्गीकरणात पारंपरिक वैद्यकातील अवस्थांसाठी एक स्वतंत्र प्रकरण जोडले आहे. त्याचा हेतू अशा अवस्थांची नोंद आणि गणना व्हावी हा आहे. उपचारांना दिलेले ते प्रशस्तिपत्र नव्हे. मोजणी आधी, मान्यता नंतर, हा क्रम मला रास्त वाटतो.

तेव्हा श्रोतेहो, चिनी वैद्याजवळून घेण्यासारखी गोष्ट कोणती असेल, तर ती त्याच्या पहिल्या प्रश्नाची. घरातील वडील माणूस, सून, नोकरीवरून थकून येणारा मुलगा, कचेरीतील सहकारी, यांपैकी कोणी पूर्वीपेक्षा अधिक थंडी वाजते म्हणू लागला, तर चेष्टा न करता त्याला विचारावे की हे केव्हापासून? ऊब घेतल्याने जाते की नाही? चेहरा, आवाज, झोप, शौच, वजन यांत काय बदलले? जीभ पाहावी, घोट्यावर बोट दाबून खळगा पडतो का ते पाहावे. हे महिनाभर चालू राहिले तर सुंठेचा काढा खुशाल द्यावा, पण त्याच आठवड्यात डॉक्टरकडे न्यावे आणि रक्ताची तपासणी करून घ्यावी. ओठ निळे पडले, छाती कोंडली, बोलणे असंबद्ध झाले, तर आठवड्याचीही वाट पाहू नये. त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.

जबलपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाला आज नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव आहे. ज्यांचा ताप त्रिपुरीत खोटा समजला गेला, त्यांच्या नावाच्या दारात आज या प्रदेशातील हजारो रोगी आपले दुखणे घेऊन येतात. त्यांतील प्रत्येकाला निदान एवढे तरी मिळावे, की त्याचे सांगणे आधी खरे मानले जावे आणि मग तपासले जावे. शरीरातील ऊन कमी झाले असे जो सांगतो त्याला आधी उन्हात बसावयास जागा द्यावी, आणि मग चूल का विझली ते शोधावे.